दुसरी चौकट

आमच्या लॅबमध्ये एकूण सेहेचाळीस तपासण्या होतात. आमच्या म्हणजे आई जिथे काम करते त्या लॅबमध्ये, पण मी तिला आमचीच म्हणते. आईला या सेहेचाळीसच्या सेहेचाळीस तोंडपाठ होत्या. कशाला किती तास उपाशी राहायचं, कशाला पाणी पिऊन पोट टम्म करून यायचं, कुठली गोळी आदल्या दिवशी घ्यायची नाही, सगळं. इतरांच्या आया मुलींकडून पाढे म्हणून घेतात, मी आईकडून तपासण्या म्हणून घ्यायचे. ती भांडी घासत असताना मध्येच एक नाव टाकायचं, की मागे वळूनही न बघता उत्तर यायचं. एकदाही चुकली नाही.

आई लॅबच्या दारातल्या टेबलावर बसते. फोन तिचा, नोंदवही तिची, कुणी पळवू नये म्हणून दोरी बांधलेलं पेनही तिचंच. फोन दिवसभर वाजायचा आणि दहातले नऊ जण एकच विचारायचे, उपाशी यायचं का? त्यातले निम्मे संध्याकाळी पुन्हा फोन करून तेच विचारायचे. आई प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायची. घरी यायची तेव्हा घसा इतका बसलेला असायचा, की जेवताना मीठ खुणेनं मागायची. बाबा कामानिमित्त लांब असतात, महिन्यातून एकदा येतात. फोनवर ते आईला विचारायचे, सर्दी अजून गेली नाही का?

म्हणून मी ते पान केलं. अगदी खरं सांगायचं तर फक्त म्हणून नाही. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला ‘उपस्थित’ असं इतकं हळू म्हणायचे, की बाई दोनदा मान वर करून बघायच्या आणि तरी कधीकधी गैरहजेरी लावायच्या. मग संगणकाचे नवे सर आले आणि त्यांनी वेबसाइटची पानं करायला शिकवली. मला ते जमलं. नुसतं जमलं नाही, बाकीच्यांना मी जाऊन समजावू लागले, आणि समजावायला बोलावं लागतं. वर्गातली मुलं माझ्या टेबलाभोवती उभी राहायची आणि मी ‘अरे, गप, आधी ऐक’ असं म्हणायचे. मी! घरी आरशासमोर जाऊन खात्री करून घ्यायचे, की ही तीच ना.

पान साधं होतं. एकाखाली एक दोन याद्या. वरच्या चौकटीवर बोट ठेवलं की गटांची यादी उघडायची. चरबी, साखर, थायरॉईड, लघवी, सोनोग्राफी, असे गट. वर जो गट निवडाल त्याप्रमाणे खालची यादी बदलायची. वर साखर, तर खाली फक्त साखरेच्या तपासण्या. वर सोनोग्राफी, तर खाली फक्त त्या. त्याखाली हिरवं बटण, ‘सूचना दाखवा’. ते दाबलं की थेट त्या तपासणीच्या पानावर. सेहेचाळीस पानं आई सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. डॉक्टरमॅडमना, म्हणजे ज्यांची लॅब आहे त्यांना, लॅबचं नाव वर ठळक हवं होतं. म्हणून तपासणीचं नाव मी त्याखाली बारीक घेतलं आणि किती तास उपाशी राहायचं ते मात्र तळहाताएवढ्या लाल अक्षरांत. चष्मा शोधत बसलेल्या आजोबांनाही वाचता आलं पाहिजे. या लाल अक्षरांचा मला फार अभिमान होता.

आत काय चालायचं तेही सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. खालच्या यादीतून कुणी बोटाने काही निवडलं, की पान त्या तपासणीचा पत्ता लक्षात ठेवायचं. बटण दाबलं, की लक्षात असलेल्या पत्त्यावर नेऊन सोडायचं. टॅक्सीवाल्यासारखं. पत्ता सांगितला की तो मनात धरतो आणि ‘चला’ म्हटलं की निघतो.

सुरुवातीला दोन्ही चौकटींमध्ये पहिली ओळ ‘निवडा’ अशी होती. लॅबमध्ये रक्त काढणारा एक दादा आहे, त्याला सगळे सुईदादा म्हणतात. त्याला मी पान दाखवलं, तर तो म्हणाला, “निवडा, निवडा. काय गं हे, सासूबाईंसारखं हुकूम सोडतंय तुझं पान.” मी इतकी हसले, की तिथल्या तिथे दोन्ही ओळी काढून टाकल्या. आता चौकट रिकामी दिसायची नाही. वर पहिला गट, खाली त्या गटातली पहिली तपासणी, सगळं कसं भरलेलं. एकच अडचण आली. पान नवं उघडून काहीही न निवडता बटण दाबलं, तर ते जागचं हलायचं नाही, कारण लक्षात काहीच नव्हतं. मग मी पान उघडताक्षणी पहिल्या तपासणीचा पत्ता त्याच्या लक्षात टाकून ठेवला. चाललं. तीन-चार तपासण्या दाबून बघितल्या आणि हात झटकले. सेहेचाळीस पुन्हा नाही बघितल्या. आदल्याच दिवशी तर बघितल्या होत्या.

पाच आठवडे मी हवेत होते. फोन निम्म्याने कमी झाला. आई म्हणायची, सूचना आमच्या पानावर बघा, आणि दोन वाक्यांत काम संपायचं. तिचा आवाज परत आला. डॉक्टरमॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून पेढीवरच्या मोठ्या माणसासारखा हात हातात घेतला. सुईदादा ‘या इंजिनिअरबाई’ म्हणायचा. शाळेत सरांनी पान भिंतीवर मोठं करून दाखवलं, तेव्हा मी पुढे जाऊन वीस मिनिटं बोलले आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

मग तो सोमवार आला.

मी शाळेतून आले तेव्हा आई घरी होती, आणि ती कधीच त्या वेळी घरी नसते. चहा समोर ठेवून बसली होती, प्यायली नव्हती. सकाळी साडेसातला घड्याळकाका तपासणीला आले होते. बाजाराच्या कोपऱ्यावर कपाटाएवढ्या दुकानात घड्याळं दुरुस्त करतात ते. माझ्या पहिल्या घड्याळाचा पट्टा त्यांनीच तीन भोकं जास्त पाडून छोटा करून दिला होता. त्यांना साखरेचा त्रास आहे. लॅबच्या पायरीवर त्यांना चक्कर आली आणि ते उजव्या हातावर पडले. सुईदादाने साखर मोजली तर पार तळाला गेलेली. साखरेचं पाणी पाजलं, शुद्ध आली, पण मनगट मोडलं होतं. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं आणि सकाळी साखरेची गोळी मात्र घेतली होती.

त्यांची तपासणी होती तीन महिन्यांच्या साखरेची. त्याला उपाशी राहायचंच नसतं. पोटभर खाऊन या, म्हणून सांगायचं असतं.

घड्याळकाकूंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, की तुमच्याकडूनच सांगितलं ना बारा तास उपाशी, आणि आता असं तोंडाकडे काय बघता? मॅडमनी नोंदवही उघडली. शनिवारी दुपारी, आईच्या अक्षरात, काकांचं नाव आणि वेळ. म्हणजे फोनवर आईच बोलली होती.

“मी बोलले असेन,” आई म्हणाली. “मला आठवत नाही. त्या दिवशी गर्दी होती. पण तेव्हा फोनवर मीच होते.”

आणि मी काय केलं? मी तिच्यावर चिडले. पान असताना तू तोंडी सांगतेसच कशाला, मी एवढं केलं ते काय भिंतीवर लावायला, तुला नुसतं ‘पान बघा’ म्हणायला काय होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. नवा नवा आवाज फुटलेला ना, तो आईवरच वापरून बघितला. गार झालेला चहा तिने ओतून दिला आणि कप दोनदा विसळला.

मंगळवारी ती कामावर गेली, पण संध्याकाळी सांगत होती, की कुणी काही विचारलं की आधी पान उघडून बघते आणि मग सांगते. स्वतःच्या जिभेवर तिचा भरवसा उरला नव्हता.

बुधवारी काकांचा रिपोर्ट तयार झाला. त्यांना लॅबपर्यंत यायला जमणार नव्हतं आणि आईला त्यांच्यासमोर उभं राहायला जमणार नव्हतं. म्हणून शाळेतून येताना पाकीट मी घेऊन गेले.

दुकानात भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. काका स्टुलावर होते. प्लास्टरमधला हात समोरच्या फळीवर ठेवलेला, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या सामानासारखा. डोळ्याला भिंग लावून काकू बसल्या होत्या. त्यांच्या हातात चिमटा आणि चिमट्यात तीळभर स्क्रू. काका बाजूने सांगत होते, डावीकडे, अजून डावीकडे, श्वास सोडू नका. स्क्रू पडला. काकू म्हणाल्या, चाळीस वर्षं संसारात श्वास रोखूनच आहे, आता आणखी किती रोखू? काका हसले. मी मात्र जमिनीवर ओणवी होऊन स्क्रू शोधत राहिले. वर बघायची हिंमत नव्हती.

स्क्रू सापडला. पाकीट दिलं. आईच्या वतीने माफी मागावी असं मी वाटेत ठरवलं होतं, म्हणून विचारलं, की आई फोनवर नेमकं काय म्हणाली होती?

काका म्हणाले, फोनवर तर नुसती वेळ ठरली. “ती म्हणाली, सूचना आमच्या पानावर बघा. माझ्या मुलीने केलंय ते. दोनदा सांगितलं तिने, मुलीने केलंय म्हणून.”

माझ्या कानात सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली.

मी म्हटलं, मग पानावर बारा तास कसं आलं? तेवढ्यात काकू भिंग काढून म्हणाल्या, एवढं मोठं लाल लिहिलंय, आम्ही काय अडाणी आहोत का. काकांनी डाव्या हाताने फोन काढला. मी त्यांना म्हटलं, शनिवारी जसं केलंत तसंच करून दाखवा, काही वगळू नका.

त्यांनी पान उघडलं. आधी काकूंची तपासणी बघायला घेतली होती म्हणे, त्यांची चरबीची पूर्ण तपासणी राहिलीय. वर चरबी. खालच्या यादीत बोट ठेवून त्यांनी ‘पूर्ण तपासणी’ निवडली. बटण दाबणार, तोच काकू म्हणाल्या होत्या, की माझं राहू द्या, आधी तुमचं बघा. म्हणून त्यांनी वर जाऊन चरबीच्या जागी साखर केलं. खालची यादी बदलली. तिच्यात पहिलंच नाव, तीन महिन्यांची साखर. चौकटीत आपोआप येऊन बसलेलं.

काकांचा अंगठा त्या चौकटीवरून सरळ पुढे गेला. तिला शिवलाही नाही. हिरव्या बटणावर जाऊन टेकला.

“काका, ती खालची निवडली नाहीत तुम्ही.”

“आहेच की ती तिथे,” ते म्हणाले. “आलेली गोष्ट पुन्हा कशाला निवडू?”

पान उघडलं. तळहाताएवढ्या लाल अक्षरांत बारा तास उपाशी. त्याखाली, नेहमीच्या गोळ्या पाण्यासोबत घ्याव्यात. आणि वर, लॅबच्या ठळक नावाखाली, मुंगीच्या पायाएवढं बारीक, चरबी – पूर्ण तपासणी.

टॅक्सीवाल्याला नवा पत्ता कुणी सांगितलाच नव्हता. काचेवर पाटी नवी लागली आणि तो निघाला जुन्याच घरी.

काकांनी विचारलं, काय गं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आईला सांगते. आणि निघाले. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने मला बऱ्याच शिव्या दिल्या, त्या मला हक्काच्या वाटल्या.

घरी आले. आई यायला दोन तास होते. मी संगणक लावला आणि तीन ओळी बदलल्या. फक्त तीन. वरचा गट बदलला की लक्षातला पत्ता पुसायचा, खाली ‘निवडा’ परत आणायचं आणि काही निवडल्याशिवाय बटणाने हलायचं नाही. मग सगळ्या सेहेचाळीस तपासण्या दाबून बघितल्या, गट उलटसुलट करून. सगळ्या बरोबर. पान चढवून टाकलं. मला इतकं हलकं वाटलं, की आई आल्यावर मी दोन वेळा वाढून घेतलं. आता कुणाचंच चुकणार नाही. मनगट महिन्या-दीड महिन्यात जुळेल. आईचंही लोक विसरतील, लोक काय, काहीही विसरतात. झाकली मूठ. असं मी स्वतःला बरंच काही सांगितलं आणि स्वतःचं मन लावून ऐकलं.

गुरुवारी आई वेळेवर आली आणि अगदी शांत होती. जेवण झाल्यावर तिने सांगितलं. सकाळी मॅडमनी तिला आणि सुईदादाला बोलावलं होतं. सुईदादा म्हणाला होता, ताई चुकणार नाहीत हो मॅडम, एकदा ते पानच नीट तपासा. म्हणून मॅडमनी स्वतः पान उघडलं. चरबी, साखर, पुन्हा चरबी, पुन्हा साखर, दहा वेळा करून बघितलं. दहाही वेळा बरोबर. मग त्या म्हणाल्या, की ताई, पानात काही चूक नाही. सोमवारपासून टेबलावर दुसरी मुलगी येईल. तुम्ही मागे बसा, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं काम बघा. शिक्षा समजू नका, पण फोनवर जोखीम नको.

सोळा वर्षं आई त्या टेबलावर आहे. माझ्याही आधीपासून.

मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, “एक बरं झालं. तुझं पान बरोबर निघालं. मला तीच भीती होती बघ, मॅडम ते उघडत होत्या तेव्हा माझे हातपाय गार पडले होते.”

मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण बाहेर काय यावं, तर जुना खेळ. भांडी घासायला उठलेल्या तिच्या पाठीकडे बघत मी म्हटलं, थायरॉईड.

नळ चालू होता. ती थांबली. “थांब हं,” म्हणाली आणि ओले हात पुसून तपासण्या उतरवलेली वही शोधायला लागली.

सर एक गोष्ट आम्हाला मारून मुटकून शिकवतात. काहीही बदलण्याआधी जुनी प्रत ठेवायची. माझ्याकडेही होती, तिचं नाव मी ‘शेवटचं-एकदम-शेवटचं’ असं ठेवलं होतं, पाच आठवड्यांपूर्वी, फार आनंदात. शुक्रवारी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि दिवसभर खिशात ठेवून वर्गात बसले. हजेरीला ‘उपस्थित’ म्हटलं, तर बाईंनी दोनदा मान वर केली.

चार वाजता लॅबमध्ये गेले. आई तिच्या टेबलावर होती आणि एका नव्या वहीत सुवाच्य अक्षरात काहीतरी उतरवत होती. सोमवारी येणाऱ्या मुलीसाठी. सगळ्या तपासण्या, क्रमाने, मधल्या खुणांसकट. कोण पेशंट घाबरतो, कुणाला मोठ्याने सांगावं लागतं, तेही बाजूला लिहिलेलं. मला बघून म्हणाली, काय गं, इकडे कशी? मी म्हटलं, मॅडमकडे काम आहे. तिला वाटलं शाळेचं काहीतरी असेल. तिने केसांची बट माझ्या कानामागे सारली आणि आत सोडलं.

मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघत होत्या. मी उभी राहिले. बोलायचं सगळं पाठ केलं होतं आणि त्यातला एक शब्द सापडेना. शेवटी मी पेनड्राइव्ह त्यांच्या संगणकाला लावला, जुनं पान उघडलं आणि कसंबसं म्हटलं, मॅडम, तुम्ही घड्याळकाका आहात असं समजा. आधी काकूंची चरबीची पूर्ण तपासणी निवडा.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण निवडली.

आता काकू म्हणाल्या, आधी तुमचं बघा. वर साखर करा.

त्यांनी केलं.

तुम्हाला तीन महिन्यांची साखर बघायचीय. बघा.

“ही काय,” मॅडम म्हणाल्या, आणि खालच्या चौकटीला हात न लावता बटण दाबलं.

बारा तास उपाशी.

त्या मागे गेल्या, पुन्हा तेच केलं. पुन्हा बारा. मग खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे वळल्या, आणि आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

“बुधवारी दुपारपर्यंत पान असं होतं,” मी म्हटलं. “मला काकांच्या दुकानात कळलं. मी घरी जाऊन गुपचूप दुरुस्त केलं. काल तुम्ही बघितलंत ते दुरुस्त केलेलं होतं. आईने फोनवर काही चुकीचं सांगितलं नाही. तिने फक्त वेळ दिली.”

मला वाटलं, आता त्या ओरडतील. मी त्याची तयारी करून आले होते, पाचावर धारण बसली होती तरी. पण त्यांनी एक साधा प्रश्न विचारला आणि तो माझ्या तयारीत नव्हता.

“पाच आठवड्यांत असे किती जण?”

मी काकांचाच विचार केला होता. बुधवारपासून काका आणि आई, आई आणि काका. बाकी कुणी असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कुणीतरी उपाशी यायला हवं होतं आणि खाऊन आलं असेल, त्याचा रिपोर्ट चुकीचा गेला असेल, त्यावरून औषध बदललं असेल. मी म्हटलं, माहीत नाही.

“मला पण नाही,” मॅडम म्हणाल्या. पान त्याच क्षणी बंद करून टाकायला सांगितलं. मी त्यांच्याच खुर्चीत बसून ते काढलं. सेहेचाळीस पानं, एका बटणात. मग त्या बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं होतं. आईला त्या म्हणाल्या, ताई, सोमवारचं राहू द्या, त्या मुलीला मी कळवते. चूक माझी झाली, मी तुमच्याशी नीट बोलायला हवं होतं. आणि कारण सांगितलं.

मी दारात उभी होते. आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती त्या नव्या वहीकडे बघत होती.

“बुधवारी कळलं तुला?” तिने विचारलं.

“हो.”

“आज शुक्रवार.” तिने नवी वही मिटली. “काल मी थायरॉईड वहीत बघितलं. तू समोर बसली होतीस.”

मी दारातून पुढे येऊन तिच्या टेबलासमोर उभी राहिले.

पेशंटच्या खुर्च्यांपैकी एक तिने पायाने ओढून टेबलाशी घेतली. नोंदवही माझ्यासमोर सरकवली आणि पाच आठवड्यांपूर्वीच्या पानावर बोट ठेवलं. एकेक नाव आणि नंबर वाच, म्हणाली. फोन मी करते. फक्त एवढंच विचारायचं, की तपासणीला येण्याआधी सूचना फोनवर ऐकल्या होत्यात की पानावर बघितल्या होत्यात, आणि काय बघितलं. मॅडमनी आतून एक कोरा कागद आणून दिला. ज्यांची तपासणी पुन्हा करायची, त्यांची नावं त्यावर.

मी वाचत गेले. आई बोलत गेली. बहुतेक जण म्हणाले, सगळं ठीक झालं होतं की. काहींना आठवत नव्हतं. एक बाई म्हणाल्या, अहो, मी तर तुमच्याच आवाजावर विश्वास ठेवते, पान-बिन मला कळत नाही. आई पुढचा नंबर फिरवायला लागली. अकराव्या फोनवर एका माणसाला खाऊन यायला सांगितलं गेलं होतं. कागदावर पहिलं नाव लिहिलं. एकोणिसाव्यावर दुसरं. मी लिहिताना पेनाची दोरी प्रत्येक वेळी टेबलाच्या कडेला अडकत होती.

मध्ये एकाने विचारलं असावं, की पुन्हा तपासणीला येताना काय करायचं. आईने नव्या वहीकडे हात नेला. मग तो तिथेच थांबवला आणि न बघता सांगितलं. आठ तास, पाणी चालेल, गोळी आल्यावर घ्या. सांगून झाल्यावर तिने वही उघडून बघितलीच. बरोबर होतं. तिने वही मिटली, पण बाजूला नाही ठेवली.

सहा वाजले. सुईदादा घरी जाताना आमच्याजवळ थांबला. आज तो इंजिनिअरबाई म्हणाला नाही. दोघींसमोर पाण्याचा एकेक ग्लास ठेवून गेला. कागदावर चार नावं झाली होती आणि नोंदवहीत अजून निम्मी पानं शिल्लक होती.

आईने मधली पानं सोडून नोंदवही एकदम मागच्या शनिवारवर उघडली. मी नाव वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. शनिवार दुपार. आईचं अक्षर. घड्याळकाका.

आईने नंबर फिरवला. तिकडे वाजायला लागल्यावर तिने रिसीव्हर कानाला लावला नाही, माझ्यापुढे धरला.

“हा तू बोल,” ती म्हणाली.

मी घेतला. तिकडून आधी घड्याळांची टिकटिक आली, मग काकूंचा आवाज, कोण बोलतंय? मी म्हटलं, मी. कोण मी, त्या म्हणाल्या, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोल.

आई माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले आणि मोठ्याने सगळं सांगितलं.